१८१७ च्या नाटकात इलेक्ट्रिक गिटार चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सीताबर्डीच्या लढाईवरचे (१८१७, नागपूरकर भोसले विरुद्ध ईस्ट इंडिया कंपनी) एक दोन अंकी नाटक राज्य नाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्रासाठी बसत आहे. संगीत करणाऱ्या मित्राने अप्पासाहेब भोसल्यांच्या प्रवेशाखाली इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमसेट वाजवला आहे. मंडळातील ज्येष्ठांनी ‘त्या काळात हे होते का?’ असे विचारून तालीम थांबवली आहे, आणि मित्राची बाजू घ्यावी की ज्येष्ठांची, हे दिग्दर्शकाला ठरवता येत नाही. जाता जाता त्यांनी असेही विचारले आहे की, असे कालविसंगत संगीत वापरलेल्या चित्रपटांना आणि संगीतिकांना आधी लोक हसतात आणि काही वर्षांनी त्याच कलाकृतींचे भक्त तयार होतात, ते कसे.

मी नागपुरात पंचवीस वर्षे नाटकांना संगीत देत आले आहे. त्यांतील दहा-बारा नाटके ऐतिहासिक किंवा पौराणिक होती आणि त्यांपैकी दोन वेळा मी चांगलीच तोंडावर आपटले आहे, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

ज्येष्ठांचा प्रश्न रास्त आहे, पण तो शेवटपर्यंत विचारत गेलो तर आपल्यापैकी कोणीच सुटत नाही. ‘त्या काळात हे होते का?’ ही कसोटी लावायची तर सर्वांत आधी पेटी रंगमंचावरून उतरवावी लागेल. हार्मोनियम पॅरिसमध्ये १८४० च्या दशकात घडली. मांडी घालून वाजवायची आपली हातपेटी त्यानंतर कलकत्त्यात तयार झाली. १८१७ च्या नागपूर दरबारात ती असणे शक्य नाही, मग शिवकालाची गोष्टच सोडा. तरीही शिवाजी महाराजांवरच्या नाटकात पेटी वाजली म्हणून कोणी प्रेक्षक उठून गेल्याचे मी पाहिलेले नाही. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ मराठीत आणले, तेव्हा कालिदासाची पात्रे साकी आणि दिंडी ही मराठी वृत्तांतली पदे गात होती. पुढे पायपेटी, म्हणजे आपला ऑर्गन आला आणि युरोपातल्या दिवाणखान्यांसाठी व चॅपेलांसाठी घडवलेल्या त्या वाद्याच्या सुरावर ‘स्वयंवरा’तली रुक्मिणी गाऊ लागली. आपली संगीत रंगभूमी जन्मापासून कालविसंगत आहे, आणि तिच्यावरून आपण जीव ओवाळून टाकला आहे.

हिंदी चित्रपटातही हेच दिसते. ‘मुघल-ए-आझम’मध्ये (१९६०) तानसेनासाठी बडे गुलाम अली खाँसाहेबांचा आवाज आहे आणि ते सोहनी गातात ते ठुमरीच्या अंगाने. ‘बैजू बावरा’तली (१९५२) तानसेन आणि बैजू यांची जुगलबंदी अमीर खाँ आणि द. वि. पलुस्कर यांनी ख्याल गाऊन रंगवली आहे. अकबराच्या दरबारात ध्रुपद गायले जात होते. ज्या ख्यालाशी आपण सदारंग या रचनाकाराचे नाव जोडतो तो १८व्या शतकात, मुहम्मदशहा रंगील्याच्या काळात बहरला आणि ठुमरीला बरकत आली ती १९व्या शतकातल्या लखनौमध्ये. म्हणजे दोन्ही ठिकाणी शंभर वर्षांहून अधिक चूक आहे. तरी हे प्रसंग पाहताना आपल्याला इतिहास बिघडल्यासारखे वाटत नाही, उलट आपण अधिकच इतिहासात गेल्यासारखे वाटते.

उलट बाजूचा अनुभव माझा स्वतःचा आहे. पहिल्या रघुजी भोसल्यांवरच्या एका नाटकात स्वारी परत येते असा प्रवेश होता आणि तेथे सनई हवी होती. सनई हे वाद्य काळाच्या दृष्टीने अगदी बिनचूक. मंडळाकडे सनईवाल्याचे पैसे नव्हते, म्हणून मी की-बोर्डवरचा सनईचा आवाज वापरला. पहिल्या प्रयोगाला दिवे आले, नटाने पायरीवर पाऊल ठेवले, सनई सुरू झाली आणि मागच्या रांगेतून स्पष्ट आवाज आला, “वरात आली बे!” सगळे सभागृह हसले. रघुजीराजे पुढची दोन मिनिटे नवरदेव झाले होते. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. एक म्हणजे, त्या वाद्यातला सूर एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर उडी मारतो, त्यात मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला जवळपास तीस वर्षांसाठी दाराबाहेर ठेवले, त्यामागचा एक आक्षेप हाच होता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: तो विशिष्ट आवाज प्रत्येक मंगल कार्यालयाच्या दारात रेकॉर्डवर वाजत असतो, त्यामुळे तो कानावर पडताच माणसाला अक्षता आणि मसालेभात आठवतो. पुढच्या प्रयोगाला नागपूरच्या महाल भागातून एका वयस्क सनईवाल्यांना विनंती करून आणले. त्यांनी नटाच्या प्रवेशाला कोणतीही धून वाजवली नाही. नुसता षड्ज धरला, आणि तो इतका वेळ धरला की मी विंगेत स्वतःचा श्वास रोखून उभी होते. कोणी हसले नाही.

तेव्हापासून माझी कसोटी बदलली आहे. वाद्य त्या काळचे आहे का हे मी दुसऱ्यांदा विचारते. आधी विचारते की त्या काळच्या माणसाच्या कानाशी त्या आवाजाचे जे नाते होते, तेच नाते आज समोर बसलेल्या माणसाच्या कानाशी आहे का. वाद्य जपले आणि नाते तुटले, तर इतिहास बरोबर असूनही प्रसंग खोटा पडतो. वाद्य बदलले आणि नाते टिकले, तर प्रसंग तरतो.

परदेशी उदाहरणांपैकी ‘अ नाइट्स टेल’ (२००१) हे या दृष्टीने फार उपयोगी आहे. कथा १४व्या शतकातल्या युरोपातली आणि घोड्यावरून भाल्यांनी झुंजण्याच्या स्पर्धांची आहे. चित्रपट सुरू होताच लाकडी माचांवर बसलेली गर्दी क्वीन या बँडच्या ‘वी विल रॉक यू’ या गाण्याच्या ठेक्यावर पाय आपटते आणि टाळ्या वाजवते. पुष्कळांना हा पोरकटपणा वाटला. मला तो फार विचारपूर्वक केलेला वाटतो. त्या काळची झुंज ही त्या काळची क्रिकेटची मॅच होती. गर्दीचे आणि खेळाडूचे जे नाते होते, ते आजच्या माणसाला स्टेडियममधल्या ठेक्यातूनच कळते. तेथे बासरी आणि ल्यूट वाजवले असते तर आपण संग्रहालयात उभे आहोत असे वाटले असते. आणि हेही लक्षात घ्या की, अशा चित्रपटांत नेहमी वाजणारा शंभर वादकांचा सिम्फनी वाद्यवृंद १४व्या शतकात कोठेच नव्हता. तो आपल्याला खटकत नाही, कारण चित्रपटगृहात त्याची सवय झाली आहे.

स्टॅन्ले क्युब्रिकच्या ‘बॅरी लिंडन’मधली (१९७५) विसंगती तर बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. कथा १७८९ मध्ये संपते आणि त्यात वारंवार वाजणारे शूबर्टचे पियानो ट्रिओ १८२७ मधले आहे. चार दशकांची चूक, पण व्हायोलिन, चेलो आणि पियानो ऐकले की आपला कान ‘जुने’ एवढीच चिठ्ठी चिकटवून मोकळा होतो. चूक किती वर्षांची आहे यावर ती खटकणे अवलंबून नाही, एवढे यावरून दिसते.

आता तुमच्या नाटकासाठी उपयोगी पडेल अशा एका भेदाकडे येते. तालमीत मी संगीताला ‘आतले’ आणि ‘बाहेरचे’ अशी नावे देते. आतले म्हणजे जे पात्रांना ऐकू येते: दरबारातले गाणे, देवडीवरची नौबत, छावणीतला पोवाडा. बाहेरचे म्हणजे जे फक्त प्रेक्षकाला ऐकू येते. आतल्या संगीताबाबत मी ज्येष्ठांच्या बाजूने आहे. अप्पासाहेबांच्या समोर कोणी गात असेल तर त्याच्या हातात डफ आणि तुणतुणे असावे, पखवाज चालेल, लावणी चालेल, कारण होनाजी, परशराम, प्रभाकर हे सगळे त्याच सुमाराचे शाहीर आहेत. बाहेरच्या संगीताला मात्र तारखेचे बंधन घालण्यात अर्थ नाही. पडद्यामागून किंवा स्पीकरमधून येणारा आवाज मुळात १८१७ मध्ये नाहीच. तो आजच्या सभागृहात आहे.

सर्वांत मोठी गंमत, आणि सर्वांत मोठा धोका, बाहेरचे संगीत आत शिरते तेव्हा असतो. ‘अ नाइट्स टेल’मध्येच मेजवानीचे एक नृत्य आहे. ते जुन्या धाटणीच्या वाद्यांवर, अवघडलेल्या पावलांनी सुरू होते आणि पाहता पाहता डेव्हिड बोवीच्या ‘गोल्डन इयर्स’मध्ये वितळते, नाचणारेही त्याबरोबर मोकळे होतात. सांधा कोठे आहे हे पहिल्यांदा पाहताना मला सापडलेच नाही. याउलट ‘बाजीराव मस्तानी’तल्या (२०१५) ‘पिंगा’वर आपल्याकडे किती गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. त्या गाण्यातल्या वाद्यांना कोणी आक्षेप घेतला नाही; आक्षेप होता काशीबाई आणि मस्तानी एकत्र, असा ठेका धरून नाचतात याला. पिंगा हा बायकांचा मंगळागौरीचा खेळ, त्याला लावणीची ठसक आली, आणि एरवी शनिवारवाड्याचे वैभव खऱ्यासारखे दाखवण्याचा आग्रह धरणाऱ्या चित्रपटात ती आली. गाणे म्हणून ते मला आवडते. त्या चित्रपटाने प्रेक्षकाशी आधी केलेल्या करारात ते बसत नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

करार हा शब्द मी मुद्दाम वापरते. ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ या रॉक संगीतिकेवरचा चित्रपट (१९७३) सुरू होतो तो वाळवंटातून धुरळा उडवत येणाऱ्या एका बसने. तिच्यातून नट उतरतात, टपावरचे सामान काढतात, वेश चढवतात आणि मग येशूची कथा सुरू होते. पुढे रणगाडे येतात, लढाऊ विमाने येतात, इलेक्ट्रिक गिटार तर पहिल्यापासून आहे. पण ‘बस’ पाहिलेल्या प्रेक्षकाला यातले काहीही चोरून आत आलेले वाटत नाही. ‘लेडीहॉक’मध्ये (१९८५) अशी बस नाही. तेथे धुके, किल्ले, ससाणा, शाप, सर्व काही गंभीर मध्ययुगीन आहे आणि त्यावर एकाएकी सिंथेसायझर आणि रॉकचे ड्रम कोसळतात. त्या संगीतावरचा वाद आजही मिटलेला नाही. माझे मत विचाराल तर संगीत वाईट नाही, पण चित्रपटाच्या उरलेल्या अंगांना त्याची खबरच कोणी दिलेली नाही.

माझी दुसरी फजिती याच जातीची होती. उत्तर पेशवाईतल्या एका नाटकात मी दीड अंक ढोलकी, तुणतुणे आणि संबळ यांवर काढला आणि शेवटच्या लढाईला, निव्वळ उत्साहाच्या भरात, गिटारचा फाटलेला आवाज सोडला. परीक्षकांनी नंतर एकच वाक्य विचारले, “हे कोठून आले?” माझ्याकडे उत्तर नव्हते. तोच आवाज पहिल्या प्रवेशात, अगदी हलका, एकदा ऐकवला असता तर हा प्रश्न आलाच नसता. तुमच्या ज्येष्ठांनीही बहुधा अप्पासाहेबांचा तो एकच प्रवेश तुटका ऐकला असेल.

भक्त कसे तयार होतात, याचे माझे स्पष्टीकरण अगदी साधे आहे. पहिल्यांदा पाहताना प्रेक्षकाची अर्धी शक्ती ‘हे काय चालले आहे?’ यातच जाते. दुसऱ्यांदा पाहताना नियम माहीत असतो, धक्का गेलेला असतो आणि मग तेच संगीत स्वाभाविक वाटू लागते. म्हणून ज्या कलाकृती पुन्हा पाहण्याची सोय झाली, त्यांनाच दुसरा जन्म मिळाला. ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ १९७५ मध्ये आपटला. १९७६ पासून न्यूयॉर्कच्या एका चित्रपटगृहात मध्यरात्रीचे खेळ सुरू झाले आणि तेच तेच प्रेक्षक पुन्हा पुन्हा येऊन पडद्याशी बोलू लागले. सोफिया कोपोलाच्या ‘मरी आंत्वानेत’ची (२००६) फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात काहींनी हुर्यो उडवली होती, पोस्ट-पंक या आधुनिक रॉक शैलीची गाणी आणि बुटांच्या ढिगात दिसणारा एक कॅनव्हासचा कॉन्व्हर्स त्यांना सहन झाला नाही. आज तोच बूट लोक कौतुकाने दाखवतात. राणी चौदाव्या वर्षी लग्न करून परक्या दरबारात आलेली मुलगी होती, हे त्या गाण्यांनी जितके कळते तितके नुसत्या रामो या १८व्या शतकातल्या फ्रेंच संगीतकाराच्या संगीताने कळले नसते. आणि रामोही त्या चित्रपटात आहे, हे टीकाकार विसरतात.

आपल्याकडे ‘घाशीराम कोतवाल’चे पहा. डिसेंबर १९७२ मध्ये जब्बार पटेलांनी ते पुण्यात आणले, भास्कर चंदावरकरांनी कीर्तन, अभंग आणि लावणी एकमेकांत अशी विणली की भक्ती कोठे संपते आणि बावनखणी, म्हणजे पुण्याची कलावंतिणींची वस्ती, कोठे सुरू होते ते कळू नये. वाद पेटला तो नाना फडणविसांच्या चित्रणावरून, आणि १९ प्रयोगांनंतर मूळ संस्थेने नाटक थांबवले. ते पुन्हा उभे करण्यासाठी थिएटर अकादमी स्थापन झाली आणि नाटक युरोपापर्यंत गेले. पण येथे एक सावधगिरीची सूचना. वाद झाला म्हणून मोठेपण येते असे मानू नका. आपण टिकून राहिलेल्या कलाकृतींचीच नावे घेतो. हसे झाले आणि हसेच राहिले अशा नाटकांची यादी कितीतरी लांब असणार, आणि तीत माझीही दोन आहेत.

प्रेक्षकाचा प्रश्नही असतो. काही वर्षांपूर्वी वडशाजवळच्या एका गावात मी झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्व विदर्भाच्या लोकप्रिय रंगभूमीवरचे, एक ऐतिहासिक नाटक पाहिले. बाजूला की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड, तलवारीच्या प्रत्येक वाराला ऑक्टोपॅडचा खणकन आवाज, आणि रात्री दोन वाजता सरदाराच्या गाण्याला वन्स मोअर. तेथे कोणाला विसंगती जाणवत नव्हती, कारण तो करार त्या रंगभूमीने फार पूर्वीच करून ठेवला आहे. स्पर्धेच्या सभागृहात, हातात कागद घेऊन बसलेल्या तीन परीक्षकांसमोर, तुम्हाला तो नव्याने करावा लागेल. संगीत जिवंत वाजणार की ट्रॅकवर, हेही ठरवा. ट्रॅकवरची गिटार नटाची वाट पाहत नाही, आणि नाट्यगृहांतल्या स्पीकरवर तिचा खर्ज फुटतो.

आता तुमच्या नाटकाविषयी थेट. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कंपनी सरकारची फौज जिंकली. त्या रात्री नागपूरकराच्या कानाला परका आवाज कोणता होता? भोसल्यांची नौबत आणि सनई नव्हे, ती रोजची होती. परका होता तो रेसिडेन्सीच्या, म्हणजे कंपनीच्या प्रतिनिधीच्या ठाण्याच्या, बाजूने येणारा पलटणीचा ड्रम आणि फाइफ या छोट्या बासरीची शीळ. इतिहास बरोबर ठेवायचा म्हणून तुम्ही तेथे साइड ड्रम वाजवलात, तर आजच्या प्रेक्षकाला काय आठवेल? शाळेतली १५ ऑगस्टची कवायत, किंवा लग्नातला बँड. त्या आवाजातले परकेपण दोनशे वर्षांत झिजून गेले आहे.

म्हणून मला वाटते, तुमच्या मित्राने वाद्य बरोबर निवडले आहे आणि ते चुकीच्या बाजूला दिले आहे. गिटार आणि ड्रमसेट अप्पासाहेबांना देऊ नका. कंपनीचा नागपुरातला प्रतिनिधी, रेसिडेंट जेन्किन्स, याच्या बाजूला द्या. अप्पासाहेबांच्या प्रवेशाला नगारा आणि खरी सनई ठेवा, आणि ती धून म्हणून न वाजवता नुसती धरून ठेवायला सांगा. पहिल्याच प्रवेशात, जेन्किन्सचे पत्र वाचले जाते तेव्हा, गिटारची एकच तार, फीडबॅकच्या काठावर, चार-पाच सेकंद ऐकू येऊ द्या. पात्रांनी तिच्याकडे लक्ष देऊ नये. दुसऱ्या अंकात तीच तार वाढत जाईल, आणि पहाटेच्या प्रवेशात एका पात्राने, शक्यतो एखाद्या साध्या शिपायाने, पहिल्यांदाच मान वर करून “हा आवाज कसला?” असे विचारावे. तेथे बाहेरचे संगीत आत येते. ज्येष्ठांना हा प्रवेश पूर्ण नाटकात, दिवे आणि वेशासह दाखवा. तुटका ऐकवू नका. त्यानंतरही ते नाही म्हणाले तर त्यांचे ऐका, कारण मंडळ मोडून केलेले संगीत मी एकदा वाजवले आहे आणि त्याला साथ करायला कोणी उरले नव्हते.

गिटारवाल्याला ध्वनिसंयोजकाशेजारी बसवू नका, विंगेत बसवा, म्हणजे त्याला शिपायाची मान दिसेल. आणि सनईवाल्याशी याच आठवड्यात बोलून घ्या. प्राथमिक फेरी हिवाळ्यात येते. एकदा तुळशीचे लग्न लागले की महालातला चांगला सनईवाला तुम्हाला संध्याकाळचा मिळत नाही.